काट्यावर साखर, पेल्यात लाकूड

तोडणीचा हंगाम आटोपला की दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या वाइन द्राक्ष बागायतदारांची पत्रे येऊ लागतात. यंदाही त्यांचा सूर तोच आहे: ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, भरली नाही म्हणून दर कापला. वाइनरी चालवणाऱ्या वाचकांची तक्रार वेगळी. ओकच्या बॅरलमध्ये ठेवलेली, सगळ्यांत महाग म्हणून काढलेली पांढरी वाइन बाटलीत भरल्यावर वर्षभरातच पिवळी का पडते, आणि जिभेवर लाकडाखेरीज काहीच का उरत नाही? या दोन तक्रारी आम्ही वेगळ्या मानत नाही. पेल्यातला दोष काट्यावरच्या पावतीत जन्माला येतो, आणि त्या पावतीत दोन रकाने वाढवल्याशिवाय तो जाणार नाही.

आधी पेल्याचे पाहू. ओकमध्ये मुरलेली कोवळी पांढरी वाइन चाखणे म्हणजे स्टीलच्या टाकीतली सोव्हिन्यॉन ब्लाँ चाखणे नव्हे. पहिल्या वर्षात लाकूड पुढे असणारच. व्हॅनिलिनचा व्हॅनिला, ओक लॅक्टोनचे सुके खोबरे, युजेनॉलची लवंग, बॅरल आतून भाजलेले असल्याने थोडा धूर आणि भाजलेले बदाम, मॅलोलॅक्टिक किण्वन झाले असेल तर लोणी. पहिल्या वासाला एवढेच येते आणि आपल्याकडचे बहुतेक चाखणे तिथेच संपते. बाटली फ्रीजमधून काढून थेट ओतली जाते, एक घोट घेतला जातो, ‘ओक छान उतरलाय’ म्हणून गुण पडतात. इतक्या थंड वाइनमध्ये फळाचा वास दबलेला असतो आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा टोचतो, म्हणजे आपण बॅरललाच गुण देत असतो. बाटली १२ अंशांच्या आसपास येऊ द्या, पेला तिसऱ्या हिश्शापर्यंत भरा आणि अर्धा तास बाजूला ठेवा. वाइनमध्ये दम असेल तर लाकूड मागे सरते. शार्दोनेत सफरचंद, लिंबाची साल, अननस वर येतो, व्हियोनियेत जर्दाळू आणि फुलांचा वास येतो. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटते आणि ते सुटत राहते. दम नसेल तर त्याच अर्ध्या तासात फळ विरून जाते, खोबरे तेवढे राहते आणि शेवटी कडवटपणा येतो. तरीही शंका राहिली तर उरलेल्या बाटलीला बूच लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. खरोखर कोवळी असलेली वाइन दुसऱ्या दिवशी अधिक मोकळी लागते. पोकळ वाइनचा रंग चढतो आणि तिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो. ‘अजून कोवळी आहे, मुरेल’ ही सबब खरी की खोटी, याचा निकाल या एका रात्रीत लागतो.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. दौंड तालुक्यात रोटीच्या माळावर युनायटेड स्पिरिट्सने फोर सीझन्सची वाइनरी उभी केली. व्हियोनियेची बॅरिक रिझर्व्ह वाइन काढण्याचे धाडस तिथे झाले. पुढे ती वाइनरी ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. खाली अकलूजला फ्रातेल्ली वाइनरी आपली व्हिटे शार्दोने ओकमध्ये ठेवते. म्हणजे भीमा-नीरेच्या या उष्ण पट्ट्यात ओकची पांढरी वाइन होऊच शकत नाही, असे कोणी म्हणू नये. मात्र व्हियोनियेचा स्वभाव ओळखला पाहिजे. ऱ्होन खोऱ्यातल्या काँद्रियू या तिच्या मूळ गावीही ती आम्लात कमी आणि वासात भरघोस अशीच ओळखली जाते. तिथली वाइन प्रतिष्ठेची असूनही बहुधा कोवळीच प्यायली जाते. बर्गंडीच्या शार्दोनेसारखी तिला दहा वर्षे ठेवण्याचा आग्रह जाणकार धरत नाहीत. तिथल्या थंड हवेतही जिचे आम्ल चटकन घसरते, ती वेल फेब्रुवारीच्या आपल्या उन्हात आठवडाभर जास्त ठेवली तर काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आठवडाभर जास्त ठेवण्याने नेमके काय बिघडते? साखर चढते हे खरे, पण मॅलिक आम्ल उन्हात जळते आणि रसाचा पीएच वर जातो. बॅरलमधून वाइनला हळूहळू प्राणवायू मिळत राहतो, त्यामुळे तिला गंधकाचे, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचे, संरक्षण लागते, आणि ते संरक्षण पीएचवर अवलंबून असते. रेणुरूप सल्फर डायऑक्साइड लिटरला ०.८ मिलिग्रॅम टिकवायचा असेल तर ३.२ पीएचला मुक्त गंधक २१-२२ मिलिग्रॅम पुरतो, ३.५ ला ४० लागतो आणि ३.८ ला ८० च्या जवळ जावे लागते. वाइन तीच, बॅरल तेच, गंधक मात्र जवळजवळ चौपट. एवढा गंधक घातला तर वास मरतो आणि न घातला तर रंग चढतो. वर्षभरात पिवळी पडलेल्या बाटलीचे कोडे एवढेच आहे. बॅरल बनवणारा कुठल्या जंगलातले लाकूड वापरतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता शेतात येऊ. आपल्यातले बहुतेकजण टेबल द्राक्षातून इकडे आलेले आहेत आणि तिथली सवय सोबत घेऊन आलेले आहेत. मण्यात पाणी उतरले की ०-०-५० या पोटॅश खताची फवारणी, ड्रिपमधून पोटॅशचा हप्ता. खाण्याच्या थॉमसनला गोडी आणि रंग हवा असतो, तिथे ते शोभते. वाइनच्या द्राक्षात तेच पोटॅशियम सालीतून रसात उतरते, टार्टारिक आम्लाला पकडून क्षाराच्या खड्यांच्या रूपाने तळाशी बसते आणि पीएच आणखी वर जातो. त्यात डॉगरिजसारखा जोमदार, पोटॅश ओढणारा खुंट असेल तर भर पडते. देठ परीक्षणात पोटॅश पुरेसे दिसत असताना केवळ शेजाऱ्याने सोडले म्हणून आपणही सोडणे, हे आता थांबले पाहिजे. पण शेतकरी हे का करतो? कारण काट्यावर त्याला साखरेचेच पैसे मिळतात. करारात ब्रिक्स लिहिलेली असते, तिच्यावर दराची पायरी ठरलेली असते. पीएच आणि एकूण आम्लता यांचा उल्लेख असलाच तर शोभेपुरता. जे मोजून पैसे मिळतात तेच माणूस पिकवतो, यात त्याचा दोष नाही. शिवाय त्याच्या हातात दुसरा पर्यायही नाही. टेबल द्राक्ष पडले तर बेदाण्याला जाते. बियांचे, बारीक मण्यांचे शार्दोने कोण बेदाण्याला घेणार? २००८ नंतरच्या मंदीत ज्यांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या, त्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको.

यावर वाइनरीवाले म्हणतात, आम्ल कमी असले तर टार्टारिक घालून घेता येते, त्यासाठी करार बदलायची काय गरज? घालता येते, आणि उष्ण देशांत सर्रास घालतातही. पण रसात पोटॅशियम भरपूर असेल तर घातलेल्या आम्लाचा मोठा वाटा पुन्हा खडे होऊन खाली बसतो. पैसा गेला, पीएच थोडासाच हलला. उशिरा तोडल्याने उडून गेलेला वास तर कोणत्याही पिशवीतून परत येत नाही. दुसरा आक्षेप बागायतदारांचा आहे: लवकर तोडले तर आमचे वजन जाईल. वजन उलट उशीर केल्याने जाते. मणी सुकायला लागतो, पाखरे पडतात, आणि अवकाळीची टांगती तलवार दिवसेंदिवस जवळ येते. लवकर तोडण्यात शेतकऱ्याचे जाते ते ब्रिक्सच्या पायरीवरचे पैसे, आणि ती पायरी माणसाने लिहिलेली आहे. तिसरा आक्षेप विक्रीवाल्यांचा, की गिऱ्हाइकाला लाकडाचाच वास आवडतो. आवडत असेलही. मग त्याला ओकच्या चिप्स पुरतात. युरोपीय संघानेही २००६ पासून त्यांना परवानगी दिली आहे, त्यात चोरीचे काही नाही. पण नवे फ्रेंच बॅरल आठ-नऊशे युरोंच्या घरात जाते, त्यात २२५ लिटर म्हणजे ३०० बाटल्या मावतात, आणि एवढा खर्च करून जर चिप्सइतकाच परिणाम मिळणार असेल तर तो खर्च कशासाठी? शिवाय लेबलवर ‘रिझर्व्ह’ लिहिले की गिऱ्हाइकाला काय मिळणार, हे आपल्याकडे कोणत्या नियमाने ठरवले आहे? स्पेनच्या रिओहात पांढऱ्या रिझर्व्हाला दोन वर्षे आणि त्यातले सहा महिने बॅरलमध्ये, अशी स्पष्ट अट आहे. आपल्याकडे तो शब्द ज्याने त्याने आपल्या हिशेबाने वापरायचा.

सरकारी बाजूचे वर्तन तर समजण्यापलीकडचे आहे. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चे. विंचूर आणि पलूसची वाइन पार्क त्यातूनच आली. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मुभा देण्याचा निर्णय घेतला आणि महिनाभर राज्यात दुसरा विषय नव्हता. शिरूरच्या शेजारी, राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. वाइन कुठे विकावी यावर विधानभवनापासून पारापर्यंत बोलणे झाले. ती ज्या द्राक्षापासून होते ते कशावर मोजून घेतात, हे कोणी विचारले नाही. उत्पादन शुल्क खाते लिटर मोजते, अल्कोहोलचे टक्के मोजते. वाइन प्रोत्साहन योजनेत २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वाइनरीला परत मिळतात, ते द्राक्ष महाराष्ट्राचे आहे म्हणून. म्हणजे सवलत शेतकऱ्याच्या नावाने दिली जाते आणि शेतकऱ्याच्या पावतीवर काय लिहिले आहे, हे पाहायची तसदी कोणी घेत नाही. आमची मागणी साधी आहे. परताव्याच्या अर्जासोबत खरेदीच्या पावत्या जोडाव्यात आणि त्या पावत्यांवर ब्रिक्ससोबत पीएच आणि एकूण आम्लता नोंदलेली असावी. याला नवा कायदा लागत नाही, नवी समिती तर मुळीच लागत नाही. एक परिपत्रक पुरते. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून पुणे जिल्ह्यातच आहे. वाणनिहाय पीएचच्या पायऱ्या ठरवायला त्याला सांगितले तर एका हंगामात काम होण्यासारखे आहे.

पण तोवर वाट पाहत बसू नका. रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येकाच्या खिशात आहे, पीएच मीटर मात्र किती जणांकडे आहे? काही हजारांत येतो. दर सकाळी ४ आणि ७ च्या बफरमध्ये तपासून घ्यायचा, बस्स. ब्युरेट, सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलिन गावच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतही असते. दहावी-बारावी झालेली तुमची मुले आम्लता काढून देतील. तोडणीच्या आधी पंधरा दिवस, एक दिवसाआड, प्रत्येक प्लॉटच्या उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मणी काढा, रस पिळा, तिन्ही आकडे वहीत लिहा. वाइनरीचा माणूस आला की वही त्याच्यापुढे ठेवा आणि करारावर सही करण्याआधी पीएचची पायरी मागा. एकट्याने मागितली तर तो हसेल; पाटस, वरवंड, रोटीपासून न्हावरे, मांडवगणपर्यंत सगळ्यांनी एका हंगामात मागितली तर त्याला बसून बोलावे लागेल. येत्या फळछाटणीपूर्वी तुमच्या गेल्या हंगामातल्या खरेदी पावत्यांच्या छायाप्रती आमच्याकडे पाठवा. नावे झाकून पाठवा, पण वाण, तोडणीची तारीख आणि मिळालेला दर झाकू नका. पावत्या जमल्या की त्या घेऊन आम्ही स्वतः खात्याच्या दारात जाऊ.