जुन्या गाडीच्या पुण्याईवर नवी गाडी चालत नाही

एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे शोरूमवाल्यांनी गिऱ्हाइकाला घातलेली टोपी, असं मोटारींवर अधिकारवाणीने बोलणारे एक गृहस्थ हल्ली भेटेल त्याला सांगत असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चांगली गाडी बिघडत नाही, बिघडायचीच असेल तर मूळ वॉरंटीच्या मुदतीत बिघडते, कंपनी तोट्यात धंदा करत नाही, म्हणजे हिशेब गिऱ्हाइकाच्या विरोधातच असणार, तेव्हा ते पैसे मुदत ठेवीत टाका आणि स्वस्थ झोपा. पुरावा काय, तर त्यांची स्वतःची जुनी गाडी पंधरा वर्षं धावली आणि तिला पाना लावावा लागला नाही. ऐकणारे माना डोलावतात. मला हे बेजबाबदार वाटतं, कारण त्या ऐकणाऱ्यांत कर्ज काढून आयुष्यातली पहिली गाडी घेणारे असतात.

कंपनी नफा कमावते, हे कबूल. पण त्या न्यायाने आरोग्यविमाही टाकून द्यावा लागेल. मुदत ठेवीचं म्हणाल, तर चौथ्या वर्षी गिअरबॉक्स गेला तेव्हा ती ठेव बिलाएवढी झालेली असेल, याची हमी हे गृहस्थ देणार आहेत का?

खरा मुद्दा त्या पंधरा वर्षांच्या गाडीचा आहे, आणि तो असा सोडून देता येणार नाही. 1983 साली मारुती 800 आली तेव्हा तिला कार्ब्युरेटर होता. तो चोंदला की नाक्यावरचा मेकॅनिक जेट काढून फुंकर मारायचा, प्लग घासायचा आणि गाडी चालू व्हायची. भाग सुटे मिळत आणि हाताने उघडता येत. डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलून देणारा ऑटो इलेक्ट्रिशियन तालुक्याच्या गावीही होता. त्या गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटीची गरज नव्हती, हे गृहस्थांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण आज लोक ती गाडी विकत घेत नाहीत.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 मानकांचीच नवी गाडी विकता येते. आजच्या गाडीत इंजिन, गिअर, स्टीअरिंग, ब्रेक, एसी या सगळ्यांवर छोट्या-मोठ्या संगणकांचा ताबा असतो. वर्कशॉपमध्ये काय होतं ते एकदा उभं राहून पाहावं. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतात, पडद्यावर एक कोड येतो आणि अ‍ॅडव्हायझर सांगतो, ‘असेंब्ली बदलावी लागेल.’ इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर बिघडली, तर बऱ्याच गाड्यांत मोटरसकट अख्खा कॉलम बदलतात. कित्येक डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड इंजिनच्या संगणकात भरावा लागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ताबा घेणारं युनिट गेलं, तर त्याला हात लावायला नाक्यावरचा मेकॅनिक तयारही होत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

एसीचंच घ्या. कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या आत. कित्येक गाड्यांत ती गळू लागली की सीटपुढचा सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो: वायरिंगचे कप्लर सुटतात, एअरबॅगचं कनेक्शन निघतं, गाडी दिवसभर उघडी पडून राहते. कॉइलची किंमत वेगळी, गॅस वेगळा, मजुरी वेगळी. आपल्याकडच्या उन्हात, धुळीत आणि कोकणातल्या दमट हवेत ही कॉइल काय सोसते, ते गाडी वापरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अशा बिघाडाला ‘चांगली गाडी बिघडत नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही. धातू गंजतो, सील कडक होतं, सोल्डर सुटतो, आणि हे सगळं बहुधा मूळ वॉरंटी संपल्यावरच होतं.

या गृहस्थांसारख्या मंडळींचा आणखी एक जुना आवडता युक्तिवाद आहे: वॉरंटी घेतली की माणूस अधिकृत सर्व्हिस सेंटरचा गुलाम होतो. यावर पूर्वीही पुष्कळ वाद झालेत. ऑगस्ट 2014 मध्ये देशातल्या 14 मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या मक्तेदारीवरून मोठा दंड झाला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असं दंडाच्या आदेशात स्पष्ट होतं. कंपन्या त्याविरुद्ध वर दाद मागायला गेल्या आणि काउंटरवरची भाषा फारशी बदलली नाही. हा अन्याय आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण त्यावरचा उपाय म्हणून गिऱ्हाइकाने स्वतःचं संरक्षणच सोडून द्यावं, हे कसलं शहाणपण?

गृहस्थांना राग यायलाच हवा होता तो एका वेगळ्या गोष्टीचा. शोरूममध्ये ‘सगळं कव्हर्ड आहे, सर’ असं सांगून सही घेतात, त्या खोटेपणावर ते तोंड उघडत नाहीत. सगळं कधीच कव्हर्ड नसतं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बल्ब हे झिजणारे भाग बहुतेक करारांत वगळलेले असतात. उंदराने कुरतडलेली वायर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, म्युझिक सिस्टीमसाठी कापलेलं वायरिंग यांवरून क्लेम नाकारले जातात. पाणी तुंबलेल्या रस्त्यात इंजिनमध्ये पाणी शिरलं, तर ही वॉरंटी उपयोगाची नाही. त्यासाठी विम्यात इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. सर्व्हिसची तारीख किंवा किलोमीटर उलटून गेले, तरी क्लेम अडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: टर्बो इंजिन किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी घेऊन ती सहा-सात वर्षं वापरणार असाल, तर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या. साध्या मॅन्युअल गाडीत गरज कमी. तीन वर्षांत गाडी विकणार असाल, तर वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावावर होते का आणि त्याने तुमच्या किमतीत भर पडते का, ते पाहून ठरवा. करारावर नाव कोणाचं आहे ते बघा. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी तिच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. डीलरने स्वतःच्या किंवा तिसऱ्याच संस्थेच्या नावावर दिलेला कागद त्या डीलरपुरताच असू शकतो. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि जॉबकार्डं जपून ठेवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला तुमच्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार नोंदवता येते.

आणि पैसे भरण्याआधी वगळलेल्या भागांच्या यादीसकट कराराची पूर्ण प्रत मागून घरी न्या. ‘प्रत नंतर मेल करतो’ असं उत्तर आलं, तर त्या दिवशी सही करू नका. मूळ वॉरंटी चालू आहे तोवर बहुतेक कंपन्या नंतरही एक्स्टेंडेड वॉरंटी देतात, फार तर थोडी जास्त रक्कम घेतात.