विश्लेषण : आरेत आग विझवायला महापालिका, मग ती लागू नये म्हणून कोण?

मुंबईत कुठेही आग लागली की १०१ वर फोन जातो आणि महापालिकेच्या अग्निशमन दलाचा बंब निघतो. आरे कॉलनीही त्याला अपवाद नाही. पण आरेमध्ये जे पेटते ते बहुतेक वेळा घर किंवा गाळा नसतो, तर वाळलेले गवत असते. ते गवत कोणाच्या जमिनीवर आहे, ते कोणी कापायचे, पाड्यापर्यंत बंब जाईल एवढी वाट कोणी मोकळी ठेवायची, असे प्रश्न विचारले की सरकारी उत्तर एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते. जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन मुंबई महापालिकेत पुन्हा नगरसेवक आले. अग्निशमन दलाला जाब विचारणारे लोकप्रतिनिधी आता आहेत. आरेबाबत मात्र त्यांचा अधिकार बंबापाशीच संपतो.

डिसेंबर २०१८ मध्ये काय घडले?

३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाजवळच्या आयटी पार्कमागील डोंगरउतारावर आग लागली. सुक्या गवतामुळे आणि वाऱ्यामुळे ती पाहता पाहता तीन ते चार किलोमीटरच्या पट्ट्यात पसरली. पश्चिम उपनगरातील इमारतींच्या गच्च्यांवरून डोंगराची पेटलेली कड दिसत होती. बंब आणि पाण्याचे जम्बो टँकर आले, पण आतल्या उतारावर जायला रस्ताच नव्हता. खबरदारी म्हणून पाड्यांतील रहिवासी आणि जनावरे हलवावी लागली. आग आटोक्यात यायला रात्र उलटली. जीवितहानी झाली नाही.

जीवितहानी झाली नाही म्हणून ही आग लवकर विसरली गेली. ती लावली गेल्याचा आरोप पर्यावरणप्रेमींनी तेव्हा केला होता. त्या आरोपाचे काहीही झालेले असो, एक गोष्ट साधी आहे. मुंबईत नोव्हेंबर ते मे या काळात विजांचा कडकडाट जवळजवळ नसतो, त्यामुळे कोरड्या हंगामातल्या वणव्यामागे कुठेतरी माणूस असतोच. कधी विडी-सिगारेटचे थोटूक, कधी पेटवलेला कचरा, कधी झाडाखाली रंगलेल्या पार्टीतली शेकोटी, तर कधी जमीन साफ करण्याचा सोपा मार्ग.

तारीखही लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात वनखात्याची वणव्याची तयारी साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा हंगाम धरून होते. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून किंवा आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, हे काम त्याच्या आधीच्या आठवड्यांत होते. आरेतले गवत मात्र ऑक्टोबरच्या उन्हात पिवळे पडू लागते. डिसेंबरची आग या वेळापत्रकात बसतच नाही.

जमीन कोणाची, पाडा कोणाचा?

आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये सुरू झाली. शहरातले गुरांचे गोठे बाहेर काढून त्यांना एकत्र, चाऱ्यासह जागा द्यायची ही कल्पना दारा खुरोडी यांची. सुमारे ३,१६० एकर जमीन राज्याच्या दुग्धव्यवसाय विकास विभागाकडे गेली. आरेचा कारभार आजही या विभागाचे मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतात. या जमिनीवर आदिवासी पाडे वसाहतीच्या आधीपासून होते. खांबाचा पाडा, केल्टी पाडा, जीवाचा पाडा, प्रजापूर पाडा, मरोशी पाडा अशा २७ पाड्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबे राहतात.

पुढे या जमिनीचे तुकडे पडत गेले. चित्रनगरी झाली, राज्य राखीव पोलीस दल आले, मेट्रो-३ ची कारशेड आली. जून २०२१ मध्ये ८१२ एकर जमीन वनखात्याकडे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाकडे गेली. दिनकर देसाई मार्ग हा मुख्य रस्ता महापालिका सांभाळते. आगीच्या दृष्टीने पाहिले तर हा सगळा एकच सलग उतार आहे. कागदावर मात्र त्याचे पाच-सहा मालक आहेत आणि प्रत्येकाचा वरिष्ठ वेगळ्या इमारतीत बसतो.

पाड्यात नळ, वीज किंवा शौचालय हवे असेल तर महापालिकेला आधी आरे प्रशासनाचे ना-हरकत पत्र लागते. या पत्रासाठीची वाट पाहणे पाड्यांना नवे नाही. आगीसाठी हायड्रंट किंवा पाण्याची टाकी बांधायची झाली तरी वाट हीच. आरे मुंबई महापालिकेच्या हद्दीत असल्यामुळे येथे ग्रामपंचायत नाही. गाव म्हणावे तर ग्रामसभा भरत नाही, शहर म्हणावे तर नळावर पुरेसा दाब नाही, अशी ही अवस्था आहे.

तसे पाहिले तर ग्रामपंचायत असती तरी फार फरक पडला नसता. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात शहरी स्थानिक संस्थांच्या कामांमध्ये ‘अग्निशमन सेवा’ स्पष्ट लिहिलेली आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत. त्यात ग्रंथालये आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, इंधन आणि चाराही आहे. अग्निशमन नाही. खेड्यातली आग ही स्थानिक संस्थेची जबाबदारी असू शकते, हे घटना दुरुस्त करणाऱ्यांच्या यादीतच आले नाही. राज्यात खेड्यातली गंजी किंवा घर पेटले की तालुक्याच्या नगरपालिकेचा किंवा एमआयडीसीचा बंब येईपर्यंत गावकरीच बादल्या घेऊन उभे असतात. आरेतल्या पाड्याची आग त्याच जातीची आहे. फरक इतकाच की तिथून देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचे दिवे दिसतात.

कायदा इमारत पाहतो, गवत नाही

मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ नुसार अग्निशमन दल ठेवणे आणि आगीपासून जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ही झाली आग विझवण्याची बाजू. प्रतिबंधासाठी ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ आहे. त्यात जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलेली आहे. यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. सोसायटीच्या सचिवाला हे ‘बी फॉर्म’ चांगलेच ठाऊक असतात.

या चौकटीत डोंगरावरचे गवत कुठेच बसत नाही. इमारतीच्या जिन्यात सामान ठेवले तर अग्निशमन दल नोटीस काढू शकते. पाड्याच्या कुडाला लागून कमरेइतके सुके गवत उभे असेल, तर नोटीस कोणत्या कायद्याखाली आणि कोणाला काढायची? भारतीय वन अधिनियमात राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे, पण तो लागू होतो वनखात्याच्या भागात. दुग्धविकास विभागाच्या जमिनीवरचे गवत म्हणजे फक्त गवत.

हीच त्रुटी उद्यानाच्या कडेला याआधी माणसांच्या जिवावर उठली आहे. ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवली पूर्वेच्या दामूनगरमध्ये आग लागून दोघांचा मृत्यू झाला. १३ मार्च २०२३ रोजी मालाड पूर्वेच्या अप्पापाड्यात शेकडो झोपड्या जळाल्या आणि एका मुलाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी गॅस सिलिंडरचे स्फोट झाले, दोन्ही वस्त्या वनजमिनीवर आणि गल्ल्या अरुंद. तिथे गवत नव्हे, घरेच पेटली. पण जमीन एका खात्याची आणि बंब दुसऱ्याचा, ही गाठ तीच.

नगरसेवक कोणाला विचारणार?

अग्निशमन दलाचा अर्थसंकल्प महापालिका मंजूर करते, खरेदीचे प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतात, स्थानिक तक्रारी प्रभाग समितीत मांडता येतात. ७ मार्च २०२२ रोजी आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि हे सगळे प्रशासकाच्या टेबलावर गेले. अप्पापाड्याची आग लागली तेव्हा प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते.

आता सभागृह आहे. आरेचा मोठा भाग ज्या पी दक्षिण विभागात येतो, तिथली प्रभाग समिती अग्निशमन अधिकाऱ्याला बोलावू शकते. बंब किती मिनिटांत पोहोचला, दिंडोशी किंवा मरोळ केंद्रात किती माणसे आहेत, हे विचारू शकते. पण आरेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, चित्रनगरीचे व्यवस्थापन, उद्यानाचे वनअधिकारी हे कोणीच या समितीला उत्तर द्यायला बांधील नाहीत. म्हणजे ज्याच्या हातात पाण्याचा पाइप आहे त्याची चौकशी होते आणि ज्याच्या जमिनीवर आगीचे इंधन साठते तो सुटतो. अग्निशमन दलाची या प्रकरणात सर्वात जास्त चौकशी व्हावी, हे जरा विचित्रच आहे.

उपग्रहाचा उपयोग होईल का?

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या मदतीने वणवे टिपते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाईलवर संदेश पाठवते. यंत्रणा चांगली आहे, मोठ्या जंगलांत तिचा उपयोगही होतो. आरेसाठी तिच्या मर्यादा समजून घ्यायला हव्यात. यातील व्हीआयआयआरएस संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा असतो. त्याहून लहान आगही उष्णतेमुळे दिसू शकते, पण ती ठिपक्यात नेमकी कुठे आहे हे कळत नाही. शिवाय हे उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. २०१८ ची आग दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये लागली. पाड्यातल्या बाईला धुराचा वास त्याच्या कितीतरी आधी येतो.

चढावर आग किती वेगाने धावते याचा एक ठोकताळा आहे : उतार १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. डोंगराच्या पायथ्याशी लागलेली आग वरच्या पाड्यापर्यंत पोहोचायला बंबाला लागणाऱ्या वेळेइतकाही वेळ घेत नाही. त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटे स्थानिक माणसांचीच असतात. त्यांच्याकडे आज हिरव्या फांद्या आणि हंडे आहेत.

दुसरीकडे हे कसे होते?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ग्रामीण भागातली आग विझवण्याचे काम ‘कंट्री फायर अथॉरिटी’ करते आणि तिचे बहुसंख्य जवान गावातलेच स्वयंसेवक असतात. प्रतिबंधाचे काम मात्र स्थानिक नगर परिषदेकडे आहे. १९५८ च्या कायद्यानुसार परिषदेचा आग प्रतिबंधक अधिकारी उन्हाळ्यापूर्वी जमीनमालकाला गवत कापण्याची नोटीस देतो. मालकाने ऐकले नाही तर परिषद गवत कापून घेते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीबाबत परिषदेवर आणि सार्वजनिक संस्थांवरही हेच कर्तव्य आहे. एवढे करूनही ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात तिथे १७३ जण मरण पावले, त्यामुळे त्यांचे सगळे उत्तम आहे असे नाही. पण मुंबईत नेमके उलटे आहे. पालिकेकडे पाइप आहे, नोटीस नाही.

मग आरेसाठी काय?

याला नवा कायदा लागेलच असे नाही. दुग्धविकास विभाग, वनखाते, चित्रनगरी हे सगळे राज्य सरकारच्या हाताखाली आहेत. दर ऑक्टोबरमध्ये त्यांनी पी दक्षिणच्या प्रभाग समितीपुढे येऊन आपापल्या भागाचा नकाशा ठेवावा, जाळरेषा कुठे काढणार आणि कधी हे लेखी द्यावे, असा शासन निर्णय काढता येतो. मार्चमध्ये त्याच समितीने काम झाले की नाही हे पाहावे. गवत कापण्याचे काम पाड्यातल्या तरुणांना रोजंदारीने द्यावे, त्यांनाच झोडपणी, पाठीवरचे पंप आणि प्रशिक्षण द्यावे. फुकटच्या स्वयंसेवेवर हे चालणार नाही. दिवसभर बाहेर मजुरी करणाऱ्या माणसाकडून संध्याकाळी मोफत अग्निरक्षणाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

याला एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. रस्ता आणि पाणी आत गेले की त्यामागून अतिक्रमण येते, हा आरेचा अनुभव आहे. म्हणूनच दुग्धविकास विभाग ना-हरकत देताना हात आखडता घेतो आणि पर्यावरणवाद्यांनाही आतल्या रस्त्यांची धास्ती वाटते. पण वणव्यासाठी डांबरी रस्ता लागत नाही. चार-पाच मीटरची गवत काढलेली पट्टी, पाड्याजवळ एक भरलेली टाकी आणि बंबाच्या पाइपला जोडता येईल असे तिचे तोंड एवढे पुरते. पट्टी पावसाळ्यात पुन्हा हिरवी होते. आणि अतिक्रमणाची भीती दाखवून १९४९ पूर्वीपासून राहणाऱ्या पाड्याला पाणी नाकारले, तर जमीन रिकामी करू पाहणाऱ्यांचे काम आगच करते.

प्रश्न वेळेचाही आहे. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो आणि पैसे एप्रिलपासून मिळतात, म्हणजे तोवर त्या वर्षीचे गवत पेटून तरी गेलेले असते किंवा नशिबाने वाचलेले. येत्या डिसेंबरसाठी टाकी आणि जाळरेषा हवी असेल तर कामाचा आदेश पावसाळा संपायच्या आत निघायला हवा आणि त्यासाठीचे ना-हरकत पत्र त्याही आधी आरे प्रशासनाच्या कार्यालयातून बाहेर पडायला हवे.