गुन्ह्यापूर्वीचे गुन्हेगार

गेल्या पौषात आमच्या गावच्या वाचनालयात एका पोलीस अधिकाऱ्यांचे व्याख्यान झाले. विषय होता गुन्हेप्रतिबंधाची आधुनिक तंत्रे. गृहस्थ वाचलेले होते, बोललेही चांगले. शेवटी म्हणाले की, गुन्हा घडल्यावर धावायचे दिवस आता संपत आले. तो कोठे आणि कोणाकडून घडेल हे यंत्रच आधी सांगेल. टाळ्या पडल्या. मी उठून विचारले, "साहेब, यंत्राला हे कळते कशावरून?" ते हसून म्हणाले, "आमच्या रेकॉर्डवरून, गुरुजी. दुसरे कशावरून कळणार?" हा लेख त्या एका शब्दापायी लिहीत आहे.

हे रेकॉर्ड कसे तयार होते ते मी पाहिलेले आहे. चाळीस वर्षांपूर्वी मी एका आडगावी मास्तर होतो. गावाबाहेर फासेपारध्यांची पाच-सहा पाले होती आणि त्यांतला एक मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात होता. तोंडी हिशेबात असा चलाख की कधीकधी मलाच मागे टाकी. एका वर्षी जत्रेच्या तोंडावर गावात घरफोडी झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी त्याचा बाप उचलला. मी ठाण्यावर गेलो. हवालदारांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "गुरुजी, चोरी कोणी केली ते मागाहून बघू. आधी नेहमीचे आणावे लागतात." बाप काही दिवसांनी सुटला. खटला कधी उभा राहिलाच नाही. पण ठाण्याच्या वहीत त्याच्या नावापुढे एक ओळ वाढली, आणि पुढच्या घरफोडीला त्या ओळीच्या आधारानेच त्याला पुन्हा नेले. आई ठाण्याच्या दारात भाकरी घेऊन बसे. पालात धाकटी भावंडे सांभाळायला कोणी उरले नाही, म्हणून मुलाची शाळा सुटली ती सुटलीच.

'नेहमीचे' हा शब्द त्या हवालदाराने शोधून काढलेला नव्हता. तो इंग्रज सरकारने १८७१ साली कायद्यात घातला होता. त्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवता येत. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परगावी जायचे तर पास घ्यायचा, आणि जमातीला गुन्हेगार ठरवले याविरुद्ध कोर्टात दाद मागायची वाटच नाही. १९११ साली कायदा नवा झाला, पुढे सोलापुरास तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. १९५२ साली तो देशभर रद्द झाला खरा. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कायद्याच्या भाषेतून जमात गेली, ठाण्याच्या सवयीतून गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावरसुद्धा, तुरुंगांतील जातिभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींना सराईत समजू नका असे बजावावे लागले!

व्याख्यात्यांनी सर रॉबर्ट पीलचेही नाव घेतले. १८२९ साली लंडनचे पोलीसदल निघाले तेव्हा गुन्हा घडू न देणे हेच त्याचे पहिले काम ठरले होते, यात शंका नाही. परंतु आपल्याकडे आले ते लंडनचे दल नव्हे. १८४३ साली सिंध घेतल्यावर नेपियरने आयर्लंडातील हत्यारी पोलिसांच्या धर्तीवर दल उभारले, आणि १८६१ च्या पोलीस कायद्यावर त्याच नमुन्याची छाया पडली. जिंकलेल्या मुलखावर पहारा ठेवण्याचा तो नमुना. भाषणात पील आणि ठाण्यात नेपियर, अशी ही आपली वाटणी.

बरे, ज्या अमेरिकेचे दाखले दिले जातात तेथे काय झाले? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०११ या एका वर्षात ६,८५,७२४ वेळा लोकांना रस्त्यात अडवले. दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा कसलाही आरोप न ठेवता सोडून द्यावे लागले, आणि अडवलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिनो. २०१३ साली न्यायालयाने ही रीत घटनाबाह्य ठरवली. आता शहर बुडणार, अशी हाकाटी झाली. २०१५ साली अडवणूक तेवीस हजारांच्याही खाली आली, आणि खून? २०११ साली ५१५ होते, २०१५ साली ३५२. शिकागोने तर माणसांना गुण देणारी यादीच केली. २०१६ साली तिची तपासणी झाली तेव्हा यादीतल्यांवर होणारे गोळीबार कमी झाल्याचे दिसले नाही. दिसले ते एवढेच की गोळीबाराच्या प्रकरणांत यादीतले लोक अधिक पकडले जात होते. म्हणजे आमच्या हवालदारांचे 'नेहमीचे'च! ती यादी २०१९ साली मोडीत निघाली. लॉस एंजेलिसने आपले भाकिताचे यंत्र २०२० साली बंद केले.

गुन्हे आधी रोखताच येत नाहीत असे मी म्हणत नाही. मिनियापोलिस शहरात १९८० च्या दशकात अभ्यासकांना आढळले की पोलिसांना येणाऱ्या हाकांपैकी निम्म्या हाका शहरातल्या सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून येतात. तेव्हा त्या कोपऱ्यांवर पोलीस उभा करा, दिवा लावा. कोपऱ्याला जात नसते. आणि परदेशी कशाला जावे? भिवंडी १९७० साली पेटली, १९८४ साली पुन्हा पेटली. १९८८ पासून तेथे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि ठाण्यातला पोलीस एका सतरंजीवर बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांना वीजही लागत नव्हती.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेने पोलिसांना साह्य व्हावे म्हणून 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली आहे. तिच्या यंत्रांविषयी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्यांना चारल्या जाणाऱ्या वहीशी. ती वही आधी तपासा. ज्या नोंदीमागे खटला उभा राहिला नाही किंवा आरोपी निर्दोष सुटला ती नोंद यंत्राला देऊ नका. ज्याचे नाव यादीत आहे त्याला ते लेखी कळवा, कारण सांगा, आणि नाव काढून घेण्यासाठी त्याला न्यायाधीशापुढे उभे राहता येऊ द्या. व्याख्यान संपल्यावर एवढे तरी होईल काय, असे मी त्या अधिकाऱ्यांना जिन्यात गाठून विचारले. त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, ही माहिती गोपनीय असते."