माकडाच्या नावाचा ताप

मार्च महिन्यात आमच्या कॉलेजच्या बी.ए. वर्गातील बाके एकेक करून रिकामी होऊ लागतात. परीक्षा तोंडावर असते आणि खानापूर तालुक्यातील काही मुले अचानक दिसेनाशी होतात. अशाच एका मुलाला परत आल्यावर मी विचारले, "अरे, होतास कुठे तीन आठवडे?"

"काजूला गेलतो सर, गोव्याकडं. आई-बाबा पण होते."

सत्तरी तालुक्यात एका बागेत वेचणीचे काम मिळाले होते. मी सहज विचारले, "आणि ताप वगैरे काही नाही ना आला कुणाला? तिकडे माकडताप असतो." मुलगा हसला. म्हणाला, "मंगन कायिले म्हणतात तेच न्हवं सर? ते माकडांना होतंय की. आम्हाला कसं होईल?"

त्याचे हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. मुलगा हुशार आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा लिहितो-वाचतो. पण दोन्ही भाषांनी मिळून त्याची दिशाभूल केली होती. मराठीत माकडताप, कन्नडमध्ये मंगन कायिले. (आपल्या भागातील कन्नडमध्ये आजाराला जड्डू म्हणतात, पण हा शब्द मलनाडमधून आला आणि तसाच राहिला.) नावात माकड, त्यामुळे सारा ठपका माकडावर. मी डॉक्टर नव्हे, भूगोल शिकवतो. तरीही या तापावरचे संशोधन गेली काही वर्षे आवडीने वाचत आलो आहे, कारण ते जितके वैद्यकाचे आहे तितकेच भूगोलाचे आहे. आजच्या सदरात त्याविषयी.

या आजाराचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. क्यासनूर हे शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यातील जंगल. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात या जंगलात वानरे पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणू लागली. बातमी पुण्याला पोचली. तिथे १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. डॉ. टेलफोर्ड वर्क आणि डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो ही मंडळी तातडीने जंगलात उतरली. ही घाई कशासाठी, तर मनात पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची धास्ती होती. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात माकडे मरू लागली की पाठोपाठ पीतज्वर येतो, हे ठाऊक होते. भारतात तो कधीच आलेला नव्हता आणि आला असता तर हाहाकार उडाला असता.

तो पीतज्वर नव्हता. सापडलेल्या विषाणूचे नाते निघाले थेट रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी, आणि तो पसरवणारा डास नसून गोचीड होती. सायबेरियाच्या थंडीतला भाऊबंद शिमोग्याच्या पावसाळी जंगलात कसा? स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील, असा तर्क निघाला. त्यातून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमार्फत डॉ. सलीम अली यांच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत वळी घालून त्यांच्या प्रवासाचा मोठा अभ्यास झाला. पुढे त्याच्या परदेशी निधीवरून वाद पेटला आणि १९७० च्या दशकात तो संसदेपर्यंत गेला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण पक्षीशास्त्राला मात्र घसघशीत माहिती मिळाली. ती कहाणी एखाद्या स्वतंत्र लेखाची आहे.

आपल्या कामाची गोष्ट गोचिडीची. या जातीचे नाव हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा. मलनाडमध्ये गोचिडीला उणुगु म्हणतात. तिचे आयुष्य तीन टप्प्यांत जाते आणि प्रत्येक टप्प्यात तिला एकदा रक्त प्यावे लागते. पावसाळ्यात मोठी गोचीड गुरांना किंवा जंगलातील मोठ्या जनावरांना चिकटते, पोट भरल्यावर मादी खाली गळून पडते आणि पाचोळ्यात शेकड्यांनी अंडी घालते. पावसाळा सरला की त्यातून सहा पायांची पिल्ले निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी यांचे रक्त पितात. मग कात टाकून आठ पायांचे मधले रूप तयार होते. तिळाएवढे, चटकन नजरेस न पडणारे. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत हे मधले रूप पाचोळ्यात दबा धरून असते आणि जो येईल त्याला चिकटते. कधी वानर, कधी माकड, कधी माणूस. माणसाला होणारी लागण बहुतेक याच रूपाकडून होते.

आता काजूचा हंगाम आठवा. फेब्रुवारी ते मे. पिकलेले बोंड खाली पडते, ते पाचोळ्यातून वेचायचे, पिळून बी वेगळी करायची. दिवसभर वाकून, नाही तर पाचोळ्यातच बसकण मारून. गोचिडीचे आणि काजूचे वेळापत्रक तंतोतंत जुळते.

माकडाचे काय मग? विषाणू अंगात गेला की माणसासारखेच माकडही आजारी पडते आणि बहुतेकदा मरते. पण मरताना एक घोटाळा होतो. ते झाडावरून खाली पडते, अंग थंड होऊ लागते आणि त्याच्यावरच्या गोचिडी त्याला सोडून भोवतालच्या जमिनीवर पांगतात. मेलेल्या माकडाभोवतीचा तेवढा तुकडा मग काही काळ अत्यंत धोक्याचा होतो. आरोग्य खाते तिथे कीटकनाशक मारते ते याचसाठी. म्हणजे माकड हे या आजाराचे कारण नव्हे, ते त्याचे पहिले गिऱ्हाईक आहे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता, जवळ न जाता ग्रामपंचायतीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. तापाच्या भीतीने माकडांना दगड मारून हुसकण्यात तर काहीच हशील नाही.

खरे कारण कोणते, याचा माग ज्यांनी आधी काढला त्यांतले एक नाव मला फार आवडते. डॉ. होर्हे बोशेल, कोलंबिया देशाचे. त्यांनी आपल्या देशात जंगलातील पीतज्वराचा अभ्यास केला होता. उंच झाडांच्या शेंड्यांवर राहणारे डास झाड तोडले की खाली येतात आणि लाकूडतोड्यांना चावतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. असा माणूस पुढे शिमोगा जिल्ह्यात काम करायला आला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात मांडणी अशी होती: अखंड दाट जंगलात हा विषाणू उंदीर-गोचिडींमध्ये गुपचूप नांदत असावा. माणसाने जंगल तोडून मधे भातशेती, वस्ती आणली, बरोबर गुरे आणली. गुरे जंगलात चरू लागली आणि मोठ्या गोचिडींना बारमाही जेवणावळ मिळाली. गोचिडी वाढल्या. गुरांना स्वतःला या विषाणूचा त्रास होत नाही, पण गोचिडींची पैदास त्यांच्या जिवावर होते.

पन्नास वर्षांनी भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने नकाशे आणि संगणक घेऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला. २०२० साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षात शिमोगा परिसरातील रुग्णांची गावे आणि भोवतालची जमीन यांचा ताळा मांडला आहे. धोका कुठे जास्त? जिथे सदाहरित ओले जंगल आणि बागायती लागवड एकमेकांत मिसळलेली आहे आणि देशी गुरांची संख्या मोठी आहे तिथे. नुसते जंगल नव्हे, नुसते शेतही नव्हे, दोहोंची सरमिसळ. सुपारीचे भाट, काजूची बाग, मधे रानाचा पट्टा, त्यात चरणारी गुरे. हे वर्णन वाचले आणि मला जांबोटी-कणकुंबीचा रस्ता डोळ्यांपुढे आला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. याच संशोधकांपैकी काहींनी पुढे सारे जुने पुरावे पुन्हा चाळले आणि गुरे, पाचोळा, जंगलतोड यांचा आजाराशी नेमका संबंध किती, याचे पुरावे वाटते त्याहून विरळ आहेत असे म्हटले. तेव्हा उद्यापासून गुरे रानात सोडणे बंद करा, असा फतवा कुणी काढला तर तो घाईचा ठरेल. गरीब घराचे दूध त्या गुरांवर चालते.

१९५७ नंतर कित्येक दशके हा आजार शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग २०१२-१३ पासून तो दक्षिणेत बंडीपूर, नीलगिरी, वायनाड इथे दिसला आणि उत्तरेला आपल्या अंगाला सरकला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील केर. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसर. पूर्वी तो तिथे होताच पण कुणी तपासलाच नाही, की खरोखर नव्याने पोचला, यावर मतभेद आहेत. कदाचित दोन्ही खरे असेल.

याच काळातील एका शोधनिबंधाने मला खाडकन जागे केले. २०१६ साली बेळगाव जिल्ह्यातील काही मजुरांना ताप आला. ते काजूच्या कामासाठी सत्तरीत गेले होते. पुण्याच्या एनआयव्हीत तपासणी झाली तेव्हा केएफडी निघाला. गोचीड चावली गोव्यात, ताप आला कर्नाटकात, निदान झाले महाराष्ट्रात. चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. तेवढ्यात माणूस चोर्ला घाट चढून घरी आलेला असतो. इकडच्या डॉक्टरांना हा रुग्ण कुठे होता याची कल्पना नसते. अचानक ताप, डोके फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणे, प्लेटलेट उतरलेल्या. डेंग्यूच वाटणार! काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. काहींना आठवडाभर बरे वाटून पुन्हा ताप उलटतो आणि मेंदूची लक्षणे दिसतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमके औषध नाही, पण वेळेत दवाखान्यात दाखल होऊन सलाईन, रक्तदाब, रक्तस्राव यांकडे नीट लक्ष राहिले तर बहुतेक जण बरे होतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप लागत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

लस होती. कर्नाटकात १९९० पासून ती दिली जात होती. सुरुवातीच्या चाचण्यांत आकडे चांगले होते. परंतु २००५ ते २०१० या काळाचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासात दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि वर बूस्टर घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. टोचल्यावर दुखायची, पुन्हा पुन्हा घ्यावी लागायची. लोक दुसऱ्या फेरीला यायचेच नाहीत. अखेर २०२२ मध्ये ती देणे थांबले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून नव्या लशीवर काम करीत आहेत. २०२४ च्या सुरुवातीला शिमोगा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांत पुन्हा रुग्ण सापडले, काही दगावले, तेव्हा हातात लस नव्हती. सत्तर वर्षे होत आली या आजाराला. तो श्रीमंत शहरांत झाला असता तर इतका वेळ लागला असता का, असा प्रश्न मनात येतोच.

तोवर हाताशी आहे ते डेपा तेल. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेले हे रसायन हातापायांना चोळले की काही तास गोचीड अंगाला लागत नाही. कर्नाटकात आरोग्य खाते ते वाटते. शिवाय पूर्ण बाह्यांचे कपडे, पाचोळ्यात न बसणे, घरी आल्यावर गरम पाण्याने आणि साबणाने आंघोळ, कपडे गरम पाण्यात. हे सांगायला सोपे आहे. एप्रिलच्या उकाड्यात पूर्ण बाह्या घालून दिवसभर वेचणी करा म्हणणे, हे पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्याचे काम.

त्या मुलाला मी हे सगळे वर्गाबाहेर उभे राहून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "सर, मग डॉक्टरला काय सांगायचं? ते विचारतच नाहीत की, कुठं गेलता म्हणून."

"ते विचारत नसतील तर तू सांग," मी म्हटले. "गाव कुठले, कोणत्या तारखेला गेलास, कधी आलास, गोचीड दिसली होती का, जवळपास माकड मेले होते का."

त्याने वहीचा कागद फाडला. वर सत्तरीतल्या गावाचे नाव लिहिले, खाली जाण्या-येण्याच्या तारखा, आईचे आणि बाबांचे नाव. सगळे कन्नडमध्ये. म्हणाला, "सरकारी दवाखान्यात दाखवायला हेच बरं." मग चिठ्ठीची घडी घालून मोबाईलच्या कव्हरमागे सरकवली. पुढच्या हंगामाला तारखा तेवढ्या बदलायच्या, म्हणाला, आणि बस चुकेल म्हणून निघाला.