नीतीला पदवी हवी काय?

जैवनीतिशास्त्र! हा शब्द उच्चारताना माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तराची जीभ दोनदा अडखळते. जन्म, मरण, आजार, औषध आणि प्रयोग यांच्या बाबतीत माणसाने माणसाशी कसे वागावे, याचा विचार करणारे हे शास्त्र. १९७० च्या सुमारास अमेरिकेत त्याचे इंग्रजी नाव रूढ झाले. मुंबईच्या काही डॉक्टरांनी १९९३ साली वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक काढले, तेही इंग्रजीच. पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमही निघाले.

या विषयाचे नाव काढले की दोन प्रकारचे शहाणे पुढे सरसावतात. पहिले म्हणतात, "अहो, नीती का कुठे वर्गात शिकवतात? ती आईच्या मांडीवरच यायला हवी!" दुसरे म्हणतात, "विषय उत्तम. पण तो डॉक्टरांचा. तुम्हां-आम्हांला त्यातले काय कळणार?" दोघांचेही म्हणणे मला साफ नामंजूर आहे. आणि ते का, हे सांगायला मला सातारा-सांगलीबाहेर फारसे जावेच लागत नाही.

मांडीवरच्या नीतीने काय पीक दिले ते आधी पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे निसर्गाच्या हिशेबाने साडेनऊशेच्या आसपास मुली असाव्यात. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात त्या ८५१ भरल्या. उरलेल्या गेल्या कुठे? आणि ज्या जन्मल्या त्यांचे काय? साताऱ्याकडे कित्येकींची नावे घरच्यांनीच 'नकुसा' ठेवली. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारी यंत्रणेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक नवे नामकरण करावे लागले. हजेरी घेताना मीही हे नाव पुकारलेले आहे. मास्तराने 'नकुसा' म्हणायचे आणि पोरीने 'हजर' म्हणायचे! याहून कडू संवाद मला माझ्या एकाही कादंबरीत लिहिता आलेला नाही.

२०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावी गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला. तपास सुरू झाला आणि पुरलेले १९ भ्रूण जमिनीतून बाहेर निघाले. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो अडाणी भोंदू नव्हता. होमिओपॅथीचा पदवीधर होता. आणि हे घडले कुठे? जिथे डॉ. वानलेस यांनी १८९० च्या दशकात रुग्णसेवेचा पाया घातला, जिथे १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या मिरजेच्या उंबरठ्यावर!

कायदा नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांआधी १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. पण कायद्याचे डोळे बहुधा गुन्हा घडल्यावर उघडतात. गुन्हा घडण्याआधी जो प्रश्न मनात उठायला हवा, तो नीतीचा.

तो प्रश्न तरी कुठे सोपा आहे? म्हैसाळनंतर गर्भपात म्हणजेच पाप, असे म्हणणे फार सोयीचे. परंतु १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी दिली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ती मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली आहे. लिंगनिवडीच्या धास्तीने डॉक्टर अशा बाईलाही दारातून परत पाठवू लागले, तर ती पुन्हा म्हैसाळच्याच वाटेला लागेल. मुलीचा तिरस्कार तर थांबवायचा, पण जित्याजागत्या बाईचा हक्कही राखायचा! ही गाठ मांडीवरच्या गोष्टींनी सुटत नाही, तिला अभ्यासच लागतो.

आता दुसऱ्या शहाण्यांकडे वळू. सोनोग्राफीचे यंत्र डॉक्टरच्या हाती असते, कबूल. पण बाईला तिथवर नेणारा हात कोणाचा? नवऱ्याचा, सासूचा, कधी दलालाचा. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या मुलांना नीती, वर्तन आणि संवाद यांचे धडे देणे सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु डॉक्टर नीती शिकला आणि रोगी न कळणाऱ्या संमतिपत्रावर अंगठा उठवीत राहिला, तर निम्माच धडा झाला. नव्या औषधांच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिकही असावा, असा नियमच आहे. त्या नागरिकाने तिथे बसून चहा प्यावा आणि मान डोलवावी, अशी तर कोणाची अपेक्षा नसेल ना? मग त्याला हे शास्त्र त्याच्या भाषेत शिकविणार कोण?

कोणी म्हणेल, सावित्रीबाई फुल्यांकडे कुठे होती पदवी? सातारा जिल्ह्यातल्या नायगावची ही लेक. तिने आणि जोतिरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, फसलेल्या विधवेचे मूल पोटाशी धरले, त्याला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना तिने देह ठेवला. खरे आहे. पण अशी माणसे शतकातून एखादीच निपजतात. बाकीच्यांना शाळा लागते. आणि सावित्रीबाईंनी तरी आयुष्यात सर्वांत आधी काय केले? शाळाच काढली की नाही?

म्हणून माझी मागणी रोकडी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आणि साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाने जैवनीतिशास्त्राचा पदव्युत्तर वर्ग मराठीतून चालवावा. त्यात डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून परिचारिका, वकील, शिक्षक बसावेत. ग्रंथांबरोबर म्हैसाळचा खटलाही अभ्यासाला असावा. रयत शिक्षण संस्थेने १९१९ पासून शिक्षण खेड्यापाड्यांत नेले, त्या मुलखाला हे जड जाऊ नये.

मला त्या वर्गात प्रवेश मिळणार नाही. पदव्युत्तर म्हणजे आधी पदवी हवी. त्याचे मला दुःख नाही. माझ्या वर्गातल्या मुली तिथवर पोहोचतील. वाचकहो, लक्ष्मीपूजनाला घरोघरी लक्ष्मीच्या पावलांची रांगोळी आत येणारीच काढतात. जिवंत पावलांनी येणारीला दार उघडायचे की नाही, हा प्रश्न मात्र त्या मुली आपल्याला मोठ्या आवाजात विचारतील. उत्तर आत्तापासूनच तयार ठेवा.