माफी मागितली, पण कोणाची?



संवत्सरीचं प्रतिक्रमण करून स्थानकातून घरी आले आणि मोबाईल हातात घेतला. दिव्याचं चित्र, त्यावर 'मिच्छामि दुक्कडम्', खाली समस्त परिवाराची नावं, अगदी दोन वर्षांच्या नातवाचंसुद्धा. (त्यानं कोणाचं काय बिघडवलं होतं ते केवळीच जाणोत!) एका दमात सगळ्यांना पाठवून दिलं आणि निवांत झोपले.

सकाळी पारण्याचं मुगाचं पाणी पिता पिता उत्तरं पाहिली. त्यात मोठ्या जाऊबाईंचंही होतं. दोन जोडलेले हात, बस्स.

मला माहीत होतं, ते हात कशाचे आहेत. गेल्या मार्गशीर्षात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी गावात त्यांच्याजवळ, जाऊबाई नेवासा फाट्यावर. गुडघ्यांमुळे त्यांना येणं जमायचं नाही, पण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायच्या. एकदा चार पाहुण्यांसमोर मी बोलून गेले, "सेवा काही मोबाईलवर होत नसते." त्या उठून गेल्या. फाल्गुनात सासूबाई गेल्या, तेव्हाही आम्ही एका सतरंजीवर बसून एकमेकींशी बोललो नाही.

आणि आता त्याच बाईंची माफी मी मोबाईलवर मागत होते.

आपल्याकडे कषायांच्या मुदती सांगितल्या आहेत. पाण्यावरच्या रेघेसारखा राग पंधरा दिवस, वाळूतल्या रेघेसारखा चार महिने, जमिनीच्या भेगेसारखा वर्षभर. त्यापुढचा राग डोंगराच्या भेगेसारखा, तो जन्मभर बुजत नाही आणि समकितही घालवतो. म्हणून पक्खी, चौमासी आणि संवत्सरी. आपल्या काळ्या रानात राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढी पडलेली भेग भादव्यापर्यंत मिटलेली असते. पण ती पाऊस पडला तर मिटते, पावसाचं चित्र पाठवून नाही.

माझे सासरे क्षमापनेची कार्डं लिहायचे. छापील नव्हे, हातानं, एकेकाला वेगळं. शेवटची ओळ ठरलेली नसायची. 'तुरीच्या हिशेबात मी तुम्हाला खोटं ठरवलं' असं स्पष्ट लिहायचे. कार्डही दूरच्यांनाच. गावातल्यांकडे स्वतः जायचे. ज्या गावात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, सांगणारे माउली, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा आणि समोर श्रोते, त्या गावात आम्ही एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत दिव्याची चित्रं पाठवतो.

पण सगळा दोष मोबाईलवर ढकलणं मला जमणार नाही. सासूबाई त्या कॉलसाठी रोज केस विंचरून बसायच्या, चष्मा पुसून ठेवायच्या. मी दिवसभर जवळ असून माझ्यासाठी नाही विंचरले कधी. खरं तर तेच मला झोंबलं होतं. जाऊबाई मोबाईलवर एका माणसाशी बोलत होत्या. मी एकाच वेळी सगळ्यांशी, म्हणजे कोणाशीच नाही. तेव्हा परगावच्या नात्यांना जरूर फोन करा, पण नाव घेऊन, चूक सांगून. 'कळत नकळत' हा शब्द फार सोयीचा आहे हो. मी जे बोलले ते चांगलं कळून बोलले होते.

कल्पसूत्रात साधूंसाठी नियम आहे, भांडण झालं तर धाकट्यानं थोरल्याला खमवावं आणि थोरल्यानंही धाकट्याला. मी धाकटी. परवा रिक्षानं फाट्यावर गेले.

जाऊबाई दारातच म्हणाल्या, "मेसेज मिळाला होता की."

"त्यात ते वाक्य नव्हतं, भाभी," मी म्हटलं. आणि ते वाक्य पुन्हा उच्चारून त्याची माफी मागितली. पुन्हा उच्चारणं फार जड गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. खिडकीतून उन्हाकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"सूर्यास्ताला अजून अर्धा तास आहे. खिचडी टाकते, जेवून जा."

मी डाळ-तांदूळ धुवायला घेतले.