दप्तराच्या हक्कांचेही चावडी-वाचन व्हावे

वडगावच्या तहसील कचेरीत आंदर मावळातून येणाऱ्या माणसाचे काम बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत असते : अमुक गटावर आज कोणाकोणाचे नाव आहे, ते कोणत्या फेरफाराने लागले, आणि ‘इतर हक्कां’त कोणी काय नोंदवून ठेवले आहे. टाकव्याहून, वडेश्वराहून किंवा सावळा-खांडीसारख्या पार कड्याच्या बाजूच्या गावांतून आलेला शेतकरी कितीही अल्पशिक्षित असो, सात-बाराचा उतारा हाती पडताच त्याची दृष्टी जिथे पडावयाची तिथेच नेमकी पडते. कारण जमीन नुसती कसून भागत नाही, ती दप्तरी कोणाच्या नावे आहे हेही मधूनमधून पाहून घ्यावे लागते, हे शहाणपण या खोऱ्याने मोठी किंमत मोजून मिळविले आहे. माझे म्हणणे इतकेच, की उतारा मागण्याची ही सवय आता आपण आपल्या कचेऱ्यांतील संगणकांच्या बाबतीतही लावून घेतली पाहिजे. जे दप्तर पूर्वी रुमालात बांधून फडताळात ठेवले जाई, ते आज संगणकाच्या फोल्डरांत राहते; आणि त्या फोल्डरांवर कोणाकोणाचा हक्क लागला आहे याची यादी कोणी मागत नाही, कोणी वाचत नाही, किंबहुना अशी यादी काढता येते हेच बहुतेक कचेऱ्यांच्या प्रमुखांच्या गावी नसते.

आंदर मावळ हे नाणे आणि पवन मावळांचे सख्खे भावंड, बारा मावळांच्या जुन्या गणतीतले. आंद्रा नदीच्या या खोऱ्यात टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीचे ठोकळवाडीचे धरण १९२२ साली उभे राहिले, त्याचे पाणी सह्याद्रीखाली भिवपुरीस उतरवून त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण होऊ लागली, आणि खोऱ्यातील कित्येक खाचरे पाण्याखाली जाऊन त्यांचे अस्तित्व केवळ कागदोपत्री उरले. पुढे द्रुतगती मार्ग झाला, नवलाख उंबऱ्याला औद्योगिक क्षेत्र आले, पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना धरणाकाठी बंगले बांधण्याची ओढ लागली, आणि भाताच्या खाचराला जो भाव कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता तो येऊ लागला. अशा मुलखात कागदावरील एका ओळीने घर उभे राहते किंवा बसते. म्हणूनच हक्काची नोंद कशी ठेवावी आणि कशी तपासावी, याचे जे शास्त्र आपल्या मुलकी कारभाराने शतकानुशतके घडविले, त्याचा धडा संगणकवाल्यांनी इथूनच घ्यावा असे मला वाटते.

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, साक्षीपुरावे होत, आणि निवाड्याचा महजर सर्वांसमक्ष लिहिला जाऊन त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या अवजाराची करीत. इंग्रजी अमलात १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदीचे स्वतंत्र पत्रक सुरू झाले आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तीच व्यवस्था पुढे चालविली. या व्यवस्थेचा गाभा पाहण्यासारखा आहे. तलाठ्याने फेरफार नोंदवावा, त्याची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधितांस नोटीस द्यावी, हरकत आल्यास ती वेगळ्या नोंदवहीत घ्यावी, आणि मंजुरी मात्र लिहिणाऱ्याने स्वतः न देता वरिष्ठाने द्यावी. शिवाय जे नाव कमी झाले तेही साफ पुसून न टाकता कंसात ठेवावे, जेणेकरून आजच्या धन्याबरोबर कालचा धनीही कळावा. संगणकीकृत सात-बारांत चुका राहू नयेत म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी-वाचनाची मोहीम झाली, आणि २०१८ च्या महाराष्ट्रदिनी डिजिटल स्वाक्षरीचे उतारे लोकांस घरबसल्या मिळू लागले. या उपायांमुळे नोंदीतल्या चुका आणि लबाड्या सर्वस्वी थांबल्या असे कोणी म्हणणार नाही. पण त्या दिसू लागल्या, आणि दिसल्यावर हरकत घेता येऊ लागली.

आता खोऱ्यातीलच एखादी पतसंस्था, एखादा लहान कारखाना किंवा ग्रामपंचायतीचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. तेथे एक संगणक सर्व्हर म्हणून बसविलेला असतो, त्यावर पगारपत्रके, कर्जप्रकरणे, सभासदांच्या आधारकार्डांच्या प्रती, निविदा, ठरावांचे मसुदे अशी फोल्डरे असतात, आणि प्रत्येक फोल्डरावर कोणी केवळ वाचावे, कोणी बदल करावा, कोणास ‘फुल कंट्रोल’ असावा, याची एक अदृश्य नोंद यंत्र स्वतः ठेवीत असते. ही नोंद यादीच्या रूपाने बाहेर काढली म्हणजे तिच्या एकेका ओळीत चार गोष्टी येतात : फोल्डराचा मार्ग, ज्याला हक्क आहे त्याचे नाव, हक्काचा प्रकार, आणि तो हक्क याच फोल्डरावर दिलेला की वरच्या फोल्डराकडून वारशाने उतरलेला. ‘पगारपत्रक – एव्हरीवन – फुल कंट्रोल – वारशाने’ अशी एक ओळ अशा यादीत दिसली, की समजावे, कोण्या एके दिवशी घाईत असलेल्या एखाद्या माणसाने वरचा फोल्डर सर्वांस खुला केला आणि तेव्हापासून खाली जे जे ठेवले गेले ते ते सर्वांचे झाले. दुसऱ्या एखाद्या ओळीत नावाच्या जागी ‘एस-१-५-२१’ने आरंभ होणारा आकड्यांचा लांबलचक शेपटा आढळतो, तो खाते रद्द झालेल्या माणसाचा राहिलेला अवशेष, वारसनोंद न झालेल्या मयत खातेदारासारखा. त्याने कोणाचे काही जात नाही, पण दप्तर किती वर्षांत झाडले गेले नाही हे मात्र तो सांगून जातो. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते जिवंतच राहिले असेल तर गोष्ट निराळी. तेथे मयताच्या नावावर कोणीही अंगठा उठवू शकतो.

ही यादी काढणे अवघड नाही. विंडोजमध्ये पॉवरशेलची ‘गेट-एसीएल’ ही आज्ञा किंवा ‘आयकॅक्ल्स’ हे जुने साधन, लिनक्सवर ‘गेटएफएसीएल’, आणि या सर्वांतून निघालेला मजकूर एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या फाइलीत उतरवून घेणे, एवढेच हे काम. परंतु उतारा निघाला म्हणजे तो खरा निघालाच असे नाही, आणि येथे कारकुनी दक्षता हवी. ज्या खात्याने यादी काढली त्या खात्यालाच काही फोल्डरांत मज्जाव असेल, तर ते फोल्डर यादीतून गळतात, आणि गळलेली पाने सहसा सर्वांत नाजूक असतात. म्हणून किती ठिकाणी प्रवेश नाकारला गेला याची जोडयादी मागितली पाहिजे. नाव जर गटाचे असेल, ‘अकाउंट्स’ किंवा ‘ऑफिस’ असे, तर त्या गटात कोण माणसे आहेत, आणि त्या गटाच्या पोटात आणखी कोणता गट आहे, हे उलगडल्यावाचून उतारा अपुराच. नेटवर्कवरून येणाऱ्याला फोल्डराची परवानगी आणि ‘शेअर’ची परवानगी अशा दोन चाळण्यांतून जावे लागते आणि त्यांतील कडक असेल ती चालते, तेव्हा एकच पाहून निष्कर्ष काढणे फसवे. आणि ज्या संस्थांचे दप्तर आता ऑनलाइन ड्राइव्हवर गेले आहे त्यांनी तर ‘ज्याच्याकडे लिंक आहे त्या कोणासही’ अशी परवानगी किती कागदांवर आहे हे आधी पाहावे.

पडद्यावर हे सर्व दिसतेच, मग यादी बाहेर कशाला काढावयाची, असे तंत्रज्ञ विचारतात. पडद्यावर एका वेळी एक फोल्डर दिसतो आणि तोही आजचा. तारीख घातलेली यादी हाती असली म्हणजे सहा महिन्यांपूर्वीची तिच्या शेजारी मांडता येते, दोहोंतील फरक म्हणजेच झालेले फेरफार कळतात, आणि प्रत्येक फेरफार कोणाच्या हुकमाने झाला असे विचारता येते. याहूनही महत्त्वाचे असे, की पडद्यापुढे फक्त तंत्रज्ञ बसतो, तर यादी लेखापालाला, व्यवस्थापकाला, सरपंचाला वाचता येते. आणि पगारपत्रक कोणी पाहावे हे ठरविण्याचा अधिकार तंत्रज्ञाचा नव्हे, त्यांचा आहे.

याची निकड कोणास वाटत नसेल तर त्याने जवळचीच उदाहरणे आठवावीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. पण तो पैसा होता, त्याची तूट तात्काळ उघडी पडली. कागदाची चोरी अशी उघडी पडत नाही, कारण मूळ कागद जागच्या जागी राहतो आणि नक्कल निघून जाते. २०२१ च्या आरंभी पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा घाला पडल्याचे उघडकीस आले. असे सॉफ्टवेअर ज्याच्या खात्यातून शिरते त्याच्या हक्कांनिशीच वावरते. ज्या कारकुनाला दहा फोल्डर केवळ वाचावयाचे होते, त्याला आळसाने शंभर फोल्डरांत बदल करण्याची मुभा दिलेली असेल, तर शंभरही कुलूपबंद होतात. हक्क कमी ठेवणे याचा अर्थ माणसावर अविश्वास दाखविणे असा होत नाही; त्याच्या हातून घडणाऱ्या नुकसानीला कुंपण घालणे एवढाच होतो. शासनानेही या दिशेने पावले टाकली आहेत : सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती जपण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली. आपल्या दप्तरापर्यंत कोण पोचू शकतो हेच ज्या संस्थेस सांगता येत नाही, तिने ही जबाबदारी पार पाडली असे कोण म्हणेल?

या सूचनेवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही दुर्लक्षणीय नाहीत. पहिला असा, की अशी यादी म्हणजे चोरासाठी तयार नकाशाच, कोणते दार उघडे आहे ते तीत लिहिलेले असते. हे खरे आहे. म्हणून ती फलकावर लावावयाची नाही, ज्यांच्या फोल्डरांविषयी ती आहे त्यांच्याचपुढे ती वाचावी आणि मूळ प्रत स्वतंत्र कुलपात ठेवावी. दुसरा आक्षेप असा, की सरकारी तपासण्यांसारखा हाही एक सोपस्कार होऊन बसेल, हजार ओळींखाली न वाचता सही होईल. त्यावर उपाय हजार ओळी वाचण्याचा नाही. प्रथम फक्त तीन प्रकार वेचून काढावे : जे सर्वांस खुले आहे ते, ज्यांवर सोडून गेलेल्यांची नावे आहेत ते, आणि जेथे ‘फुल कंट्रोल’ दोनहून अधिक माणसांस आहे ते. लहान कचेरीत ही छाननी एका दुपारची आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

तथापि एक रोग असा आहे, की जो कोणत्याही यादीत उमटत नाही. तलाठ्याच्या कामावर परस्पर बसणाऱ्या खासगी मदतनिसाला लोक ‘झिरो तलाठी’ म्हणतात. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, तरी साहेबाचा पासवर्ड त्याला तोंडपाठ असू शकतो. साहेबाचा संकेतशब्द शिपायाला ठाऊक असला, तर यादीत साहेबाचेच नाव दिसणार. म्हणून वाचनाच्या वेळी प्रत्येक नावापुढे विचारले पाहिजे, की या नावाने प्रत्यक्षात बसतो कोण. हे यंत्राला कळत नाही, कचेरीतल्या माणसांना मात्र पक्के ठाऊक असते.

आपल्याकडे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि तो दिवस महसूल दिन म्हणून पाळला जातो. मावळातील ग्रामपंचायतींनी, पतसंस्थांनी, शाळांनी आणि कारखान्यांनी त्याच दिवशी आपल्या संगणकांतील हक्कांचा उतारा काढावा, प्रमुखाने तो संबंधितांसमक्ष वाचावा, कोणते नाव राहावे आणि कोणते कमी व्हावे याचा निर्णय त्यानेच द्यावा, तंत्रज्ञाने त्याप्रमाणे बदल करावा, आणि आठ दिवसांनी पुन्हा उतारा काढून बदल खरोखर झाला की नाही ते तिसऱ्याने पडताळावे. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि पडताळणारा तिसरा, ही मुलकी शिस्त आपल्या अंगवळणी पडलेलीच आहे, ती फक्त नव्या दप्तराला लावावयाची आहे. जो प्रमुख हे करणार नाही त्याच्या कचेरीचा खरा अंमलदार तो नसून ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्याजवळ असेल तो आहे, हे त्याने आणि त्याला निवडून देणाऱ्यांनी निमूटपणे मान्य करावे.